सौदा पुकारणाऱ्याचा आवाज: स्वरतंतूचा कर्करोग, लेझर शस्त्रक्रिया आणि नंतरचं एक वर्ष

रुग्ण पुरुष, वय ५८, राहणार सांगली. काम: हळदीच्या अडत दुकानात सौदे पुकारणे. तक्रार: पाच महिन्यांपासून आवाज बसलेला. निदान: उजव्या स्वरतंतूचा पहिल्या टप्प्यातला कर्करोग. उपचार: तोंडावाटे लेझर शस्त्रक्रिया, नंतर आवाजाची थेरपी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मार्केट यार्डात या वयाच्या निम्म्या माणसांना अण्णाच म्हणतात, म्हणून इथेही अण्णा.

मी मिरजेत आवाज आणि वाचेचे उपचार करते. चिरफाड माझ्या वाट्याची नाही, तिच्यानंतर जो आवाज उरतो तो माझ्याकडे येतो. अण्णा मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच आले, कारण त्यांच्या सर्जनने तसा आग्रह धरला होता. असं क्वचित घडतं, आणि त्यामुळेच हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगं झालं. आधीचा आवाज नोंदलेला नसेल तर नंतरच्या आवाजाबद्दल सगळे अंदाजच.

पाच महिने कुठे गेले

हळदीचा हंगाम फेब्रुवारीत तापतो आणि उन्हाळाभर चालतो. त्या दिवसांत यार्डात कुणाचा आवाज बसला तर कुणी लक्ष देत नाही. हमालाचा बसतो, दिवाणजीचा बसतो, पुकारणाऱ्याचा तर बसायलाच हवा. धूळ घशात जाते हे खरंच आहे. अण्णांचा आवाज एप्रिलमध्ये घोगरा झाला तेव्हा घरात ज्येष्ठमध निघाला, दुकानात खडीसाखर, आणि दवाखान्यात आधी अँटिबायोटिक, मग पित्ताच्या गोळ्या. पावसाळा लागला, धूळ खाली बसली, आवाज काही उघडला नाही. गणपतीत आरतीला वरचा सूर लागेना तेव्हा मुलाने हट्टाने कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेलं.

दुखत नव्हतं. गिळायला त्रास नव्हता, वजन उतरलं नव्हतं. 'दुखत न्हाई म्हंजे कशाला जायचं', हे अण्णांचं वाक्य मी दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकते. स्वरतंतूवरचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाहीच. पण तो काही मिलिमीटरचा असतानाच आवाज बिघडवतो, कारण बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर येतात आणि कडेवर जरा जाडी आली तरी हा कंप विस्कटतो. शिवाय तंतूच्या या भागात लसिकावाहिन्या विरळ असल्याने रोग मानेच्या गाठींत उतरायला वेळ लागतो. घशातले दुसरे कर्करोग गुपचूप वाढतात, हा बिचारा पहिल्या दिवसापासून ओरडून सांगतो. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला, त्यातून माणूस विडी-सिगारेट ओढणारा असला, तर दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यावं. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते.

अण्णांची विडी तीस वर्षांची, दिवसाला एक बंडल. गुटखा किंवा तंबाखू-चुना कधीच नाही. या दुसऱ्या गोष्टीचा पुढे उपयोग झाला.

दुर्बिणीत उजव्या तंतूच्या मधल्या भागावर पांढुरका, खरबरीत उंचवटा दिसला. तंतू नीट हलत होता. दोन्ही तंतू पुढे जिथे जुळतात तो कोपरा स्वच्छ होता. बायोप्सीत कर्करोग निघाला. सीटी स्कॅनमध्ये स्वरयंत्राची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, शाबूत, मानेत गाठ नाही. एकाच तंतूपुरता, तंतू हलता, म्हणजे टी-वन-ए.

शेक की लेझर

या टप्प्यावर दोन रस्ते असतात आणि बरं होण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखे आहेत: दहांपैकी नऊच्या आसपास रुग्णांत रोग त्या जागी कायमचा आटोक्यात येतो. किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला शेक म्हणतात, तो घ्यायचा तर सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, साडेपाच-सहा आठवडे. एक रूढ पद्धत २८ बैठकांत ६३ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) अशी आहे. सांगली-मिरजेत ही सोय आहे, गाव सोडावं लागत नाही. लेझरचं काम एका भुलीत होतं, एक-दोन दिवसांत घरी, पण त्यासाठी अण्णांना मोठ्या शहरात जावं लागणार होतं.

आवाजाचं काय? इथे लेझर या शब्दाची मोहिनी आड येते. अण्णांच्या मुलाची समजूत अशी होती की लेझर म्हणजे वरून उजेड मारायचा, चिरायचं काहीच नाही, म्हणजे आवाजाला धक्का नाही. तसं नसतं. लेझर हीसुद्धा सुरीच, फक्त बारीक आणि रक्त कमी सांडणारी. रोग तंतूत जितका खोल तितका तंतू काढावा लागतो, आणि जो काढला तो परत येत नाही. किरणोपचारात तंतूचा आकार राहतो, पण तो कोरडा आणि ताठर होऊ शकतो. फिनलंडमध्ये टी-वन-ए असलेल्या पुरुष रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण आवाजाचा दर्जा दोन्ही गटांत साधारण सारखाच निघाला, पण लेझर गटात आवाजात हवा जास्त होती, आणि दोन वर्षांनी रोजच्या व्यवहारात घोगरेपणाची अडचण शेक घेतलेल्यांना कमी वाटत होती.

मग सौदे पुकारणाऱ्याने शेकच घ्यायला नको का? माझं पहिलं मत तेच होतं, आणि मी ते सर्जनला सांगितलंही. त्यांचा मुद्दा वेगळा होता. शेक एकाच जागी सहसा पुन्हा पूर्ण देता येत नाही. रोग परतला तर मोठी शस्त्रक्रिया, आणि काही वेळा अख्खं स्वरयंत्र जातं. लेझर पुन्हा करता येतं आणि शेक राखीव राहतो. तीस वर्षं विडी ओढलेल्या माणसाला तोंडात, घशात, फुप्फुसात दुसरा कर्करोग होण्याचा धोका कायम असतो. उद्या घशातच दुसरीकडे निघाला आणि शेक आधीच वापरून संपला असेल तर काय करणार? हे मला पटलं. अण्णांना मात्र यातलं काही नकोच होतं. रोज टेबलावर जाऊन पडायचं नाही, एकदाच काय ते उरकायचं, आणि हळद यायच्या आत मोकळं व्हायचं, एवढा त्यांचा हिशेब. आम्ही मांडलेल्या साधकबाधकापेक्षा हंगामाचं कॅलेंडर जड ठरलं. अशा निर्णयांत ते बहुधा ठरतंच.

तोंड उघडण्याचा प्रश्न इथे येतो. लेझरसाठी भुलीत तोंडावाटे एक सरळ, ताठ नळी स्वरयंत्रापर्यंत बसवावी लागते आणि तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने पाहत किरण मारायचा असतो. गुटखा खाऊन गाल आखडलेले, दोन बोटंही तोंडात जात नाहीत, असे तरुण आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांना हा रस्ता बंद होतो. अण्णांचं तोंड व्यवस्थित उघडत होतं. वरचा एक दात हलत होता, तो आधी काढून टाकला, कारण नळीचा टेकू नेमका तिथे येतो.

शस्त्रक्रियेआधीची नोंद

मी त्यांना विचारलं, "आवाजानं दिवसभरात काय काय करता?" ते म्हणाले, "बोलतो की." मग एकेक काढलं. सकाळी शेतकऱ्यांना फोन. दहा-साडेदहापासून सौदे, थप्पीपुढे उभं राहून, पंधरा-वीस खरेदीदारांच्या गलक्यावर आवाज काढून. दुपारी पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या पावतीचा, हिशेब, तो जवळजवळ मुक्याने. संध्याकाळी घर. गुरुवारी भजन, त्यात ते टाळकरी, मुख्य गाणारे नव्हेत.

माइकपुढे त्यांना सौदा पुकारायला लावला. "चौदा हजार... चौदा हजार शंभर... दोनशे... तीनशे..." रोग असतानाही, घोगऱ्या आवाजात, तीनशेपर्यंत एका दमात गेले आणि लगेच म्हणाले, "मागल्या साली सातशे-आठशेपर्यंत जायचो." एका श्वासात 'आ' धरण्याचा वेळ १० सेकंद भरला. या वयाच्या निरोगी पुरुषाकडून त्याच्या दुप्पट वेळेची अपेक्षा धरतात. आवाजामुळे जगण्यात किती अडचण होते हे मोजायला ३० प्रश्नांची एक प्रश्नावली असते, गुण ० ते १२०, जास्त म्हणजे वाईट. त्यात ५२ आले.

ऑपरेशन

यावर फार लिहित नाही, ते माझं क्षेत्र नाही. कार्बन डायऑक्साइड लेझर स्वरयंत्रात वापरायला बॉस्टनमध्ये स्ट्राँग आणि जाको यांनी १९७२ च्या सुमारास सुरुवात केली. त्याची किरणं पाण्यात शोषली जातात, म्हणून ओल्या ऊतीत ती खोल न जाता वरच्या वर कापतात. ऑक्सिजन आणि लेझर एकत्र म्हणजे आगीचा धोका, त्यामुळे भुलीची नळी खास असते, तिच्या फुग्यात हवेऐवजी निळं केलेलं सलाईन भरतात. फुगा फुटला तर निळं दिसतं आणि पाणीही तिथेच सांडतं. चेहऱ्यावर ओले कपडे ठेवतात. हे ऐकून अण्णांच्या पत्नीचा चेहरा उतरला होता, पण भूलतज्ज्ञांनी शांतपणे समजावलं.

युरोपीय वर्गीकरणात तंतू काढण्याचे प्रकार खोलीप्रमाणे मांडले आहेत. पहिल्यात फक्त वरचं आवरण, दुसऱ्यात खालचा बंध, तिसऱ्यात स्नायूचा काही भाग, चौथ्यात अख्खा तंतू, त्यापुढे आजूबाजूचंही. पहिल्या दोन प्रकारांत आवाज पुष्कळदा पहिल्यासारखा येतो. अण्णांचा तिसरा प्रकार झाला. कापलेल्या कडा तपासणीत स्वच्छ आल्या. मानेला छेद नाही, श्वासासाठी भोक नाही. संध्याकाळी ते पाणी प्याले, जरा ठसका लागला, जिभेचं टोक दोन दिवस बधिर राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी सांगलीत.

पहिले तीन महिने

आठवडाभर मौन सांगितलं होतं. मौन पाळताना लोक कुजबुजतात आणि त्याला विश्रांती समजतात. जोर लावून केलेली कुजबुज घशाला उलट ताण देते. अण्णांनी पाटी घेतली, वर भेटायला येणारे पाहुणे. 'आता कसं वाटतंय' असं विचारून उत्तराची वाट पाहत बसणारा पाहुणा हा या काळातला सगळ्यात मोठा उपद्रव. त्यांच्या सुनेने दारावर कागद चिकटवला: बाबांना बोलायला लावू नये.

मौन सुटल्यावर जो आवाज निघाला त्याला आवाज म्हणणंही अवघड होतं. एका झडपेची कड कापली की दोन झडपा मिटूनही फट राहते, तसं झालं होतं. बोलण्यापेक्षा वारा जास्त. 'आ' पाच सेकंद. फोनवर जुना शेतकरी विचारी, "कोण बोलतंय? अण्णांना द्या की." तिसऱ्या महिन्यात प्रश्नावलीचे गुण ७१ वर गेले, म्हणजे कर्करोग असतानापेक्षा वाईट. शस्त्रक्रियेआधी हे होणार असं सांगितलेलं होतं, तरी ऐकणं वेगळं आणि भोगणं वेगळं.

याच सुमाराला दुर्बिणीत कापलेल्या जागी लालसर मांसल गोळी दिसली. रोग परतला, अशी घरात रडारड. भरून येताना अशी गोळी काहींना होते, बहुतेकदा आपोआप विरते. सर्जनने लगेच कापाकापी केली नाही, पित्ताचं औषध देऊन दीड महिन्याने पुन्हा पाहिलं. गोळी गेली होती. राहिली असती किंवा वाढली असती तर बायोप्सी ठरलेलीच होती.

थेरपीत आमची खरी लढत होती ती अण्णांच्या जोराशी. पुकारणाऱ्या माणसाचा देह आवाज निघाला नाही की जोर लावतो. मानेच्या शिरा फुगायच्या, हनुवटी पुढे यायची, आणि खऱ्या तंतूंच्या वर जे खोटे तंतू असतात ते दाबून ते एक जाड, चिरका, खर्जातला आवाज काढायचे. त्यांना तो आवडायचा, कारण तो मोठा होता. दहा मिनिटांत घसा ओरबाडल्यासारखा व्हायचा. चौथ्या प्रकारानंतर किंवा त्याहून मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कधी कधी हाच आवाज शिकवावा लागतो. अण्णांना त्याची गरज नव्हती. त्यांचा डावा तंतू धडधाकट होता आणि उजव्या जागी व्रणाची नवी कड तयार होत होती. तिला जुळायला वेळ द्यायचा होता.

म्हणून पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे काढत 'ऊ' म्हणायचं. पाणी बोटभर, नळी साधी शहाळ्याबरोबर मिळते ती. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते तुटक आले की समजायचं जोर लागतोय. मग तोंड मिटून 'म्', मग 'म्' वरून शब्द: मामा, मसाला, मिरज. अण्णा पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, हे लहान पोरांचं काम हाय." पण करत राहिले. विडी शस्त्रक्रियेआधीच सुटली होती. मध्ये एकदा पुन्हा हातात आली तेव्हा मुलाने तंबाखू सोडवण्याच्या राष्ट्रीय क्विटलाइनला, १८००-११-२३५६ ला, फोन लावून दिला.

घरातला आवाज

सहाव्या महिन्यात 'आ' नऊ सेकंदांवर आला. शांत खोलीत, समोरासमोर, अण्णा आता बरं बोलत होते. आवाज खरखरीत, थोडा हवेचा, पण शब्द स्वच्छ. दुर्बिणीत फट बरीच भरलेली दिसत होती. माझ्या हिशेबाने गुण चाळिशीत यायला हवे होते. आले ५८.

प्रश्न एकेक करून पाहिले. यार्डाच्या प्रश्नांना वाईट उत्तरं येणारच होती. घरच्या प्रश्नांनाही तितकीच वाईट होती: घरचे मला पुन्हा पुन्हा बोलायला लावतात, नेहमी. आवाजामुळे मी घरात गप्प बसतो, नेहमी. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, शेजारीच बसल्या होत्या. मी खालच्या आवाजात त्यांना काही विचारलं तर त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि भलतंच उत्तर दिलं.

श्रवण तपासणीत दोन्ही कानांत मध्यम बहिरेपण निघालं, वर्षानुवर्षांचं. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं कारण नवरा सौदे पुकारणारा होता! तीस वर्षं या घरात एक माणूस मोठ्यानेच बोलत होता आणि दुसऱ्याला मोठंच ऐकू येत होतं. लेझरने मोठा आवाज गेला आणि बहिरेपण उघडं पडलं. रोज संध्याकाळी 'अहो, काय म्हणालात?' आणि 'ऐकू येत न्हाई का?' यावरून भांडण, मग अण्णा चिडून जोर लावणार, घसा धरणार, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आवाज बिघडलेला.

वहिनींनी यंत्र घालायला सुरुवातीला साफ नकार दिला. 'म्हातारी झाले का मी.' मुलीने समजूत काढली. दोन्ही कानांना यंत्रं बसली, पहिले काही दिवस भांड्यांच्या आवाजाची तक्रार, मग सवय. दोन महिन्यांनी प्रश्नावली पुन्हा भरून घेतली: ३९. 'आ' अजूनही नऊ सेकंदच होता. दुर्बिणीतलं चित्रही तेच होतं. घशात काडीचा फरक न पडता आवाजाची अडचण एवढी कमी झालेली मी आधी पाहिली नव्हती. तेव्हापासून चाळिशीपुढच्या रुग्णाबरोबर जो जोडीदार येतो त्याचाही कान मी तपासून घेते.

यार्डात

सौदे मात्र परत आले नाहीत. हंगाम सुरू झाल्यावर अण्णांनी एक दिवस प्रयत्न केला. शेडच्या पत्र्याखाली गलका, समोर खरेदीदार, मागे टेम्पोचा हॉर्न. "पंधरा हजार" पहिल्या रांगेलाही पोचेना. हवेचा आवाज शांततेत चालतो, गोंगाटात तो आधी बुडतो. कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला लावायचा माइक, जो हल्ली शिकवणीवाले मास्तर वापरतात, तो मी सुचवला. त्यांनी तो एकदा लावला आणि काढून ठेवला. "भोंगा लावून सौदा? लोक हसतील."

आवाजाची फट उरली तर आणखी एक उपाय आहे: मानेवर छोटा छेद घेऊन तंतू आतल्या बाजूला सरकवणं, किंवा त्यात पोटाची चरबी टोचणं. व्रण असलेल्या तंतूवर याचा निकाल लकव्याने सुटलेल्या तंतूइतका हमखास नसतो, आणि रोग परतत नाही याची खात्री पटेपर्यंत बहुतेक सर्जन थांबतात. वर्ष झाल्यावर सर्जनने हा विषय काढला. अण्णांनी विचारलं, "मग सौदा पुकारता यील?" उत्तर मिळालं की खात्री देता येणार नाही, बोलणं थोडं भरीव होईल. "बोलतोय की आता," म्हणाले, आणि नको सांगितलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. दुसऱ्या एखाद्या रुग्णाला, समजा शाळामास्तरांना, मी करून घ्या असंच म्हणाले असते.

आता ते गादीवर बसून पट्ट्या लिहितात, भावाचा अंदाज देतात, शेतकऱ्यांशी फोनवर बोलतात. मोबाईल तोंडाजवळ धरायचा आणि वाक्य तोडून बोलायचं, एवढं जमलं आहे. भजनात टाळ आहेतच. पहिल्या वर्षी दर महिन्या-दोन महिन्यांनी दुर्बीण झाली, आता अंतर वाढेल, पाच वर्षं चालू राहील. अजून रोग परतलेला नाही.

सौदे मुलगा पुकारतो. हंगामाच्या शेवटी त्याचा आवाज बसला आणि यार्डातल्यांनी त्यालाही खडीसाखर दिली. तीन आठवडे भरायच्या आत अण्णांनीच त्याला दुर्बिणीला पाठवलं. तंतूंवर दोन्ही बाजूंना ओरडण्यामुळे येणाऱ्या गाठी निघाल्या, कर्करोग नाही. उपचार थेरपीचा, आणि ओरडणं बंद. घरात पडून राहिलेला तो कमरेचा स्पीकर अण्णांनी चार्ज करून मुलाच्या हातात दिला.